अलॉय स्टीलच्या शाफ्टवर फिनिश : हायस्पीड, कार्बाइड की सर्मेट?

कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरापासून शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतींपर्यंत अनेक लेथवर टर्नरचा हात बिडाच्या कास्टिंगवर बसलेला आहे. बीड कोरडे कापले तरी चालते आणि त्याची चिप आपोआप तुटते. त्याच लेथवर ईएन १९ किंवा ईएन २४ या अलॉय स्टीलचे शाफ्ट जॉबवर्कला येतात आणि ड्रॉइंगवर आरए (पृष्ठभागाच्या खडबडीतपणाचे सरासरी माप) १.६ मायक्रॉन मागितलेले असते, तेव्हा मात्र पृष्ठभाग ओरबाडल्यासारखा निघू लागतो आणि कोणते टूल घ्यावे हा प्रश्न उभा राहतो. पर्याय प्रामुख्याने तीन आहेत : घासून धार लावलेले हायस्पीड स्टीलचे टूल, कोटिंग असलेले कार्बाइड इन्सर्ट (होल्डरवर बसवायचा, बदलता येणारा धारेचा तुकडा) आणि सर्मेट (सिरॅमिक व धातू यांच्या मिश्रणाचे) इन्सर्ट. माझ्या मते निवडीची सुरुवात टूलच्या कॅटलॉगपासून न करता आपल्या लेथच्या सर्वाधिक आरपीएमपासून करावी.

याचे कारण असे की, कार्बाइडने पोलाद कापताना वेग (जॉबचा पृष्ठभाग धारेपुढून सरकण्याचा) मिनिटाला साधारण ८० ते १०० मीटरच्या खाली राहिला, तर कापलेला धातू धारेच्या टोकाला चिकटून साचतो, अधूनमधून तुटतो आणि तुटताना त्याचे कण जॉबच्या पृष्ठभागात रुतवून जातो; ओरबाडलेला पृष्ठभाग बहुधा यातूनच येतो. ४० मिलिमीटर व्यासाच्या शाफ्टवर १८० मीटरचा वेग मिळवायला सुमारे १४३० आरपीएम लागतात. जुन्या गिअरच्या लेथचा वरचा टप्पा १००० आरपीएमचा असेल, तर याच व्यासावर सुमारे १२५ मीटर मिळतात आणि काम निभावते. पण २५ मिलिमीटरच्या शाफ्टवर तोच लेथ ७८ मीटरच देतो, आणि तिथे महागडे इन्सर्ट लावूनही पृष्ठभाग सुधारत नाही.

अशा लहान व्यासाच्या, एक-दोन नगांच्या कामाला हायस्पीडचे टूल आजही योग्य ठरते. ऑइलस्टोनवर धार नीट लावावी, वेग १० मीटरच्या आसपास किंवा त्याहूनही कमी ठेवावा आणि पाण्यात मिसळलेल्या कूलंटऐवजी गंधकयुक्त कटिंग ऑइल वापरावे, म्हणजे पृष्ठभाग स्वच्छ निघतो. त्याची किंमत वेळात मोजावी लागते. ४० मिलिमीटर व्यासाच्या, २०० मिलिमीटर लांबीच्या शाफ्टवर ८० आरपीएम आणि ०.१ फीडने (दर फेरीला टूल ०.१ मिलिमीटर पुढे सरकवून) एक फिनिशिंग कट सुमारे २५ मिनिटे चालतो, तर १४०० आरपीएम आणि ०.१२ फीडने कार्बाइड तोच कट सव्वा मिनिटाच्या आत संपवते. नगांची संख्या वाढली की हा पर्याय आपोआप मागे पडतो.

कार्बाइड इन्सर्टच्या बाबतीत ग्रेडइतकेच महत्त्व टोकाच्या त्रिज्येला आणि फीडला आहे. फीडच्या वर्गाला त्रिज्येच्या ३२ पटीने भागले की आरएचा ढोबळ अंदाज मिलिमीटरमध्ये मिळतो. ०.८ मिलिमीटर त्रिज्येच्या इन्सर्टवर ०.२ फीड दिला तर उत्तर १.५६ मायक्रॉन येते, म्हणजे कागदावरच मर्यादा गाठली जाते आणि कंपनाला किंवा झिजेला जागाच उरत नाही. फीड ०.१२ वर आणला की तेच उत्तर ०.५६ होते. सीएनएमजी १२०४०८ या इन्सर्टच्या नावातील शेवटचे ०८ हीच त्रिज्या सांगतात. मात्र त्रिज्या वाढवत नेणे हा सरसकट उपाय नव्हे, कारण मोठी त्रिज्या जॉबला आडवे ढकलते आणि लांब, बारीक शाफ्ट टेलस्टॉकचा आधार असूनही चॅटर करू (थरथरू) लागतो, तिथे ०.४ ची त्रिज्या आणि बारीक फीड अधिक भरवशाचे. शेवटचा कट अगदी नाममात्र ठेवण्याची सवयही इथे नडते. ०.८ च्या त्रिज्येला निदान अर्धा मिलिमीटर खोली द्यावी, नाहीतर धार कापण्याऐवजी घासत राहते.

सर्मेटमध्ये टायटॅनियमच्या संयुगांचे प्रमाण मोठे असल्यामुळे पोलाद त्याला कमी चिकटते, आणि त्याच फीडवर पृष्ठभाग कार्बाइडपेक्षा उजळ व अधिक नगांपर्यंत एकसारखा निघतो. तथापि ते ठिसूळ असते. शाफ्टवर आधीच चावीगाळा (चावी बसवायची खाच) कापलेला असेल, लेथच्या स्लाइडमध्ये ढिलाई असेल किंवा कूलंट तुटक पडत असेल, तर त्याची धार उडते. घट्ट बांधणीचा सीएनसी, अखंड कट आणि २०० मीटरच्या वरचा वेग या तिन्ही गोष्टी असतील तरच मी सर्मेट सुचवेन. अन्यथा कोटिंगचे कार्बाइड पुरेसे आहे. वायपर इन्सर्टचेही (ज्याच्या टोकाला पृष्ठभाग सपाट करणारी छोटी कड असते) तसेच : ते जवळपास दुप्पट फीडवर तोच फिनिश देते, पण मजबूत बांधणीच्या, आखूड आणि सरळ जॉबवरच.

माल कोणत्या अवस्थेत आला आहे, हेही ऑर्डर घेतानाच विचारून घ्यावे. अ‍ॅनील केलेला (तापवून सावकाश थंड करून मऊ केलेला) ईएन १९ कापायला सोपा वाटतो, परंतु फिनिशसाठी तोच अधिक त्रास देतो. साधारण २५० ते ३०० बीएचएनचा (ब्रिनेल कठीणतेचा), उष्णोपचाराने टफन केलेला माल तुलनेने स्वच्छ कापला जातो. एमरी पेपर मारून चकाकी आणण्याची पद्धत सर्वत्र आहे, पण तिने मापाचा भरवसा जातो, म्हणून बेअरिंगच्या बैठकीवर ती टाळावी. त्या बैठकीला आरए ०.४ आणि काही मायक्रॉनचा टॉलरन्स मागितला असेल, तर व्यासावर ०.२ ते ०.३ मिलिमीटर माल राखून जॉब सिलिंड्रिकल ग्राइंडिंगला पाठवणे स्वस्त पडते, आणि मग लेथवर आरए ३.२ देणारे साधे इन्सर्टही चालते.