जुन्या गाडीचं पॉवर स्टिअरिंग: पाईप बदलले, कूलर लावला, त्यानंतरचे काही महिने

पॉवर स्टिअरिंग आवाज करायला लागलं की गॅरेजमध्ये निदान ठरलेलं असतं: पंप गेला. माझ्या २००४च्या पेट्रोल सेडानबद्दलही तेच ऐकलं. मी पंपाला हात लावू दिला नाही. तिन्ही पाईप बदलले, पुढे एक छोटा कूलर बसवला आणि ऑइल पूर्ण बदललं. त्यानंतर एक उन्हाळा आणि कोकणातला अख्खा पावसाळा सरला. चिपळूण-कराड म्हणजे कुंभार्ली घाट, आणि ही गाडी तिथे नेहमीचीच. पंप अजून तोच आहे आणि त्याचं रडणं थांबलंय. थोडी गुणगुण उरली आहे, पण ती मी पैसे मोजून घेतलेली आहे. तिचं पुढे सांगतो.

पाईप तीन प्रकारचे असतात. ऑइलच्या डब्यातून पंपाकडे जाणारा जाड सक्शन पाईप, पंपाकडून रॅककडे, म्हणजे पुढची चाकं वळवणाऱ्या यंत्रणेकडे, जाणारा प्रेशर पाईप आणि रॅककडून डब्यात परत येणारा रिटर्न. फुल लॉकला, म्हणजे स्टिअरिंग एका बाजूला शेवटपर्यंत वळवल्यावर, प्रेशर पाईपमध्ये ७० ते १०० बारच्या घरात दाब जातो, म्हणून सगळ्यांचं लक्ष त्याच्याकडेच. माझ्या गाडीत खरा चोर निघाला सक्शन पाईप. बॉनेटखालच्या उष्णतेने त्याचं रबर इतकं कडक झालं होतं की क्लिप आवळली तरी पकड येत नव्हती. बाहेरून मात्र जवळपास कोरडा. पंप चालू असताना तिथे दाब नसतो, ओढ असते. त्यामुळे ऑइल बाहेर येण्याऐवजी हवा आत जात होती. डब्यात गुलाबी फेस, टर्न घेताना घुंऽऽ असा आवाज, आणि सकाळी पहिल्या दोन वळणांना स्टिअरिंग जड. लक्षणं सगळी पंपाची, दुखणं हातभर रबराचं! डब्याच्या तळाशी जाळी असते, तीही गाळाने अर्धी बुजली होती. सक्शनची वाट अडली तरी पंप असाच रडतो, हे इथे नमूद करून ठेवतो.

सक्शन आणि रिटर्नसाठी ऑइलला टिकणारं नायट्राइल रबरच हवं. रेडिएटर-हीटरचा पाईप "आतला गाळा सारखाच आहे" म्हणून सर्रास चढवला जातो. पण तो बहुधा ईपीडीएम रबराचा असतो. ते पाण्याला उत्तम, खनिज तेलात मात्र फुगतं आणि मऊ पडतं. दुकानदाराला माहीत नसेल तर पाईपवरचा छापील मजकूर वाचावा. रिटर्न होजसाठी वाहन अभियंत्यांच्या एसएई या संस्थेचा जे१८९ हा मापदंड आहे.

आता प्रेशर पाईप. नव्या गाड्यांना इलेक्ट्रिक स्टिअरिंग आलं, त्यात ऑइलच नाही, त्यामुळे जुन्या मॉडेलचा नवा पाईप सहज मिळत नाही. स्क्रॅपमधला घेणं मला पटलं नाही, कारण त्याचं रबरही तितकंच म्हातारं. शेवटी कराडला जेसीबीचे होज प्रेस करून देणाऱ्याकडे गेलो. जुने लोखंडी टोक-नट कापून त्यावर तारेच्या जाळीचा हायड्रॉलिक होज प्रेस करून दिला. बँजो बोल्टला, म्हणजे ज्याच्या पोकळीतून ऑइल जातं त्या जोडाच्या बोल्टला, दोन्ही बाजूंनी नवे तांब्याचे वॉशर घातले. तेव्हापासून थेंबही गळलेला नाही.

पण इथेच ती गुणगुण येते. मूळ प्रेशर पाईप कापडी विणीचा असतो आणि दाबाखाली तो जाणूनबुजून थोडा फुगतो. पंपाच्या ऑइलचे धक्के तो गिळून टाकतो. जेसीबीचा होज फुगतच नाही, म्हणून ते धक्के सरळ रॅकमध्ये आणि तिथून केबिनमध्ये पोचतात. पार्किंगमध्ये चाक वळवताना बारीक हं-हं ऐकू येतं. मला चालतं, बायकोला नाही. मूळ पाईप मिळत असेल तर थोडे जास्त पैसे देऊन तोच घ्या. मिळत नसेल तर हा पर्याय भक्कम आहे, शांत नाही.

कूलरबद्दल मात्र मी मनापासून बोलेन. मूळचा कूलर म्हणजे रेडिएटरपुढून गेलेली यू आकाराची लोखंडी नळी. तिच्या ब्रॅकेटच्या रबराखाली पाणी-चिखल साठतो, त्यात आमची खारी हवा, त्यामुळे ती नेमकी तिथेच गंजून झिरपायला लागली. "काढून टाका साहेब, रबराने डायरेक्ट जोडू" हा सल्ला मिळाला. तसं केल्यावर गाडी चालते, म्हणूनच तो सल्ला टिकून आहे. पण स्टिअरिंग फुल लॉकला धरलं की जादा दाब सोडणारा रिलीफ व्हॉल्व्ह उघडतो आणि पंपाची सगळी मेहनत उष्णता बनून ऑइलमध्ये उतरते. अनेक गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये पाच सेकंदांपेक्षा जास्त वेळ लॉकला धरू नका असं लिहिलेलं असतं, ते यासाठीच. घाटात ट्रकच्या मागे रांगत वळणं घेताना स्टिअरिंगचं काम भरपूर आणि वारा शून्य. तापलेलं ऑइल पातळ होतं, काळं पडतं, आणि सील-रबर भाजून काढतं.

मी ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांचा छोटा कूलर एसी कंडेन्सरच्या (रेडिएटरपुढची एसीची जाळी) पुढे, रिटर्न लाईनवर बसवला. रिटर्नवरच, कारण प्रेशर बाजूचा दाब तो सोसूच शकत नाही. आतली नळी रिटर्न पाईपपेक्षा बारीक नको, नाहीतर ऑइलला परतताना अडथळा होतो. तोंडं वर ठेवली की हवा अडकत नाही. कंडेन्सरच्या जाळीतून प्लास्टिकचे टाय ओवून कूलर अडकवतात, ते करू देऊ नका. घासून घासून एसीचा गॅस जातो. लोखंडी पट्टीचं ब्रॅकेट करून घेतलं तर काम कायमचं. पूर्वी घाट चढून आल्यावर रिटर्न पाईपवर हात टेकवत नसे, आता टेकतो. ऑइलचा लाल रंगही अजून टिकून आहे. तोटे एवढेच की जोड दोन वाढले, क्लिपा पहिल्या काही तापण्या-निवण्यांनंतर पुन्हा आवळाव्या लागल्या, आणि पावसाळ्यानंतर पट्ट्यांत बसलेला चिखल हलक्या पाण्याने धुवावा लागला.

ऑइल झाकणावर लिहिलेलंच. माझ्या गाडीला डेक्सरॉन ३ एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं लाल ऑइल) लागतं. होंडाला तिचं स्वतःचं लागतं, बऱ्याच जर्मन गाड्यांना हिरवं. लाल-हिरवं मिसळू नये, आणि ब्रेक ऑइल तर चुकूनही नाही, त्याने सील संपतात. भरताना पुढची चाकं उचलून, इंजिन बंद ठेवून, स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवत हवा काढली. बुडबुडे थांबल्यावरच इंजिन चालू. गळती थांबवणारी बाटली मी घातली नाही. ती सील फुगवून थोडे दिवस ढकलते, प्रेस केलेल्या जोडातून झिरपणाऱ्या पाईपला तिचा उपयोग नाही. शिवाय ऑइल एक्झॉस्टवर टपकलं तर पेट घेऊ शकतं, तिथे दिवस ढकलण्यात अर्थ नाही.

हे सगळं करायच्या आधी गाडीखाली जाऊन रॅकच्या दोन्ही टोकांचे रबरी बूट दाबून पाहा. आत ऑइल खळखळलं तर रॅकचे सील गेलेत, आणि मग पाईप-कूलरवर खर्च करण्यापूर्वी रॅक उतरवावा लागेल. माझे बूट कोरडे होते, म्हणून हा हिशोब जमला.