ट्रायलमध्ये मोजायचं काय: कोअर आउटकम सेट, जनरल स्केल की घरची प्रश्नावली?

क्लिनिकल ट्रायल, म्हणजे पेशंटवर उपचार तपासणारा अभ्यास, आखताना औषध, डोस, सॅम्पल साइझ यावर महिनाभर डोकं खपवायचं आणि आउटकमची, म्हणजे उपचाराचा परिणाम कशात मोजायचा याची, ओळ मात्र कुणाच्या तरी जुन्या थीसिसमधून उचलायची, हे रिसर्चमध्ये फारच कॉमन आहे. प्रोटोकॉल लिहायला घेतला असेल तर हे वाचा, कारण इथे पर्याय साधारण तीनच असतात आणि तिन्हींची किंमत वेगळी असते.

पहिला, स्वतः बनवलेली प्रश्नावली. आकर्षण समजतं, फुकट आहे, परवानगी लागत नाही आणि आपल्या उपचाराला अगदी मापाने शिवलेली असते. पण तीच तर गोम आहे, आपल्याला जिथे फायदा दिसायची आशा असते तिथलेच प्रश्न आपण विचारतो. स्किझोफ्रेनियाच्या ट्रायल्सचं उदाहरण बघा, १९९८ साली २००० ट्रायल्स तपासल्या तर त्यात ६४० वेगवेगळी स्केल्स निघाली, आणि २००० साली आलेल्या दुसऱ्या अभ्यासात दिसलं की जिथे कुठेही प्रकाशित न झालेलं स्केल वापरलंय तिथे नवीन उपचार चांगला ठरण्याचं प्रमाण जास्त होतं. शिवाय पुढे मेटा-अ‍ॅनालिसिस (अनेक ट्रायल्सचे आकडे एकत्र करून निष्कर्ष काढणं) करणारा तुमचे आकडे कशाशी जोडणार? बहुतेक वेळा बाजूलाच ठेवतो.

दुसरा, जनरल स्केल, म्हणजे कुठल्याही आजारात चालणारी जीवनमानाची तयार प्रश्नावली, जसं ईक्यू-५डी किंवा एसएफ-३६. ईक्यू-५डीमध्ये पाच प्रश्न आणि ० ते १०० ची एक पट्टी, पेशंट दोन-चार मिनिटांत भरून देतो. खर्चाचं गणित मांडायचं असेल, दोन वेगळ्या आजारांची तुलना करायची असेल तर हे हवंच. फक्त आजाराचं जे खास दुखणं असतं ते यात निसटतं, एक्झिमाच्या पेशंटला रात्रभर खाज सुटते आणि ईक्यू-५डीच्या पाच प्रश्नांत खाज हा शब्दच नाही 😅 त्यामुळे एकट्या त्याच्या भरवशावर ट्रायल उभी करू नका.

तिसरा पर्याय कोअर आउटकम सेट, आणि गंमत म्हणजे हा आहे हेच खूप जणांना माहीत नसतं. डॉक्टर, रिसर्चर आणि पेशंट यांनी मिळून ठरवलेली यादी, की या आजाराच्या प्रत्येक ट्रायलमध्ये किमान एवढं तरी मोजा आणि रिपोर्ट करा. संधिवातात याची सुरुवात लवकर झाली, १९९२ मध्ये नेदरलँड्समधल्या मास्ट्रिक्टला ओमेरॅक्ट या संधिवाताचे आउटकम ठरवणाऱ्या गटाची पहिली बैठक झाली, पुढे औषधांना मंजुरी देणाऱ्या संस्थाही तीच मापं मागायला लागल्या आणि म्हणून तिथे वापर चांगला रुजला. इतर बऱ्याच आजारांत सेट तयार होऊनही पडून आहेत. एक्झिमासाठी होम नावाच्या गटाने नुसतं काय मोजायचं नाही तर कशाने मोजायचं हेही ठरवलंय: त्वचेवरच्या लक्षणांसाठी ईएएसआय हे स्केल, पेशंटला जाणवणाऱ्या त्रासासाठी सात प्रश्नांचं पोएम आणि खाजेसाठी ० ते १० ची पट्टी, मोठ्यांच्या जीवनमानासाठी डीएलक्यूआय ही प्रश्नावली, आणि आजार दीर्घकाळ किती ताब्यात राहिला हा चौथा भाग वेगळा.

कोअर सेट नको म्हणणाऱ्यांचं एक ठरलेलं वाक्य असतं, "मग आमचा स्वतःचा आउटकम कुठे घालायचा?" अहो, घाला की! सेट ही किमान मर्यादा आहे, कमाल नाही, आणि तुमचा प्रायमरी, म्हणजे मुख्य, आउटकम त्यातलाच असला पाहिजे असंही नाही. दुसरी तक्रार पेशंटवर फॉर्मचा भार पडतो ही, ती मात्र खरी आहे. त्यावर माझा उपाय म्हणजे सवयीने घातलेली दोन-तीन स्केल्स काढून टाका, जागा आपोआप होते.

पण सेट सापडला की डोळे मिटून तो वापरू नका. काही सेट चार तज्ज्ञांनी एका खोलीत बसून केलेले असतात, पेशंटला विचारलेलंच नसतं. संधिवाताच्या मूळ सेटमध्ये थकवा नव्हता, २००२ च्या ओमेरॅक्ट बैठकीत पेशंट आले तेव्हा तो मुद्दा पुढे आला. सेट कसा बनवला हे तपासायला कॉस-स्टॅड नावाच्या मार्गदर्शक यादीत ११ किमान निकष आहेत, ते समोर ठेवून वाचा.

माझं मत विचाराल तर आधी कॉमेटच्या (कोअर आउटकम सेट गोळा करणाऱ्या उपक्रमाच्या) डेटाबेसमध्ये आजाराचं नाव टाका, फुकट आहे. बरा सेट मिळाला तर तो घ्या, जोडीला ईक्यू-५डी. सेट काय मोजायचं एवढंच सांगत असेल तर कशाने मोजायचं ते कॉस्मिनच्या (स्केल्सचा दर्जा तपासायच्या) पद्धतीने केलेल्या रिव्ह्यूंमध्ये शोधा. सेट नसेल तर त्या आजारासाठी व्हॅलिडेट झालेलं, म्हणजे बरोबर मोजतं हे तपासलेलं, स्केल घ्या, आणि घरची प्रश्नावली फक्त सेकंडरी (दुय्यम) आउटकम म्हणून, तीही आधी छोट्या गटावर तपासून. स्केलचं लायसन्स आणि पेशंटच्या भाषेतलं व्हॅलिडेट केलेलं व्हर्जन आहे का हे फॉर्म छापायच्या आधी बघा. आणि हे सगळं ट्रायल रजिस्टर करायच्या आधी उरका, कारण प्रायमरी आउटकम नंतर बदललात की रिव्ह्यूअर पहिलं बोट तिथेच ठेवतो.