गोठ्याच्या शेततळ्याला ५०० मायक्रॉनची फिल्म: घ्या, पण जोड तपासून

तळ्यात पाणी मुरू नये म्हणून अंथरायची ३०० मायक्रॉन (०.३ मिलिमीटर) जाडीची प्लास्टिक फिल्म स्वस्त पडते. ढोरांसाठीचं तळं असेल तर त्या भानगडीत पडू नका. विणलेली, लॅमिनेशन केलेली आणि आयएस १५३५१ (अशा फिल्मचं भारतीय मानक) चा शिक्का असलेली ५०० मायक्रॉनची एचडीपीई, म्हणजे जास्त घनतेच्या पॉलिथिनचीच घ्या. विणीमुळे भोक पडलं तरी चीर पुढे धावत नाही, आणि खरे पैसे त्याचेच आहेत.

मापात मात्र फसगत होते. ३० × ३० × ३ मीटरच्या तळ्यात २१.९६ लाख लिटर मावतात हा १:१ उताराचा, म्हणजे मीटरभर खोलीला काठ मीटरभर आत येतो असा हिशेब. नागपूरकडच्या काळ्या मातीत एवढा उभा उतार ढासळतो. १:१.५ ठेवलात तर १९.७१ लाख लिटर मावेल, पण काठ टिकेल. त्याला काठावर फिल्मची कड पुरायच्या चरासकट ३४.५ × ३४.५ मीटर, म्हणजे ११९० चौरस मीटर फिल्म लागते. कोटेशनमध्ये ९०० दिसले तर ते तळ्याच्या तोंडाचं माप आहे.

फिल्म चांगली असूनही तळं गळतं ते जोडातून. दुहेरी शिवणीचं मशीन वेल्डिंगच मागा. दोन शिवणींमधल्या पोकळीत हवा भरून दाब उतरतो का ते समोर पाहा. नुसत्या गरम हवेच्या बंदुकीने मारलेला लांब जोड घेऊ नका, ती कोपऱ्यांना आणि ठिगळांना ठीक. अंथरणं सकाळीच उरकावं. मे महिन्यात भर दुपारी ताणून बसवलेली फिल्म रात्री वीतभर आखडते आणि चरातून उपसते, म्हणून सैल सोडायची. त्याआधी पऱ्हाटीची खुंटं, तुराट्या वेचून तळावर चाळलेल्या मातीचा थर हवाच.

विक्रेते सांगत नाहीत ती गोष्ट: फिल्म झिरपा थांबवते, ऊन नाही. उन्हाळ्यात दिवसाला १० मिलिमीटर धरले तरी ९०० चौरस मीटरवरून ९,००० लिटर उडतात. वीस म्हशी ८० लिटरप्रमाणे १,६०० पितात. म्हणजे ऊनच गोठ्याच्या पाचपटीहून जास्त पितं. तळं पूर्ण कोरडं पडू देऊ नका, फूटभर पाणी राहू द्या. रिकामी फिल्म वाऱ्याने फडफडून फाटते आणि पावसाळ्यात खालच्या पाण्याने फुगते.

ढोरांना तळ्यावर नेऊ नका, पाइपाने हौदात पाणी घ्या. रोही (नीलगाय), रानडुकरं आत येऊ नयेत म्हणून चहूबाजूंनी जाळीचं कुंपण हवं. आणि चारही बाजूंना गाठी मारलेले दोर सोडून ठेवा, ओल्या फिल्मवरून माणूसही वर येऊ शकत नाही.