एसीचा कान कुठे गेला? (नव्या गाडीचे आठ महिने)

दसऱ्याला नवी गाडी घेतली. नाव सांगत नाही, सर्व्हिस सेंटरशी भांडण अजून मिटलेलं नाही. चार मीटरच्या आतली, १.२ पेट्रोल, एवढं पुरे. दारात बाबांची १९९५ची काँटेसा क्लासिक आहेच, १.८ लिटरचं इसुझू इंजिनवाली. लोक तिला देशी मसल कार, म्हणजे दांडग्या इंजिनाची गाडी, म्हणतात. ताकद अठ्ठ्याऐंशीच्या आसपास हॉर्सपॉवर, म्हणजे या चिमुकलीएवढीच! मसल म्हणजे काय ते बॉनेटच्या लांबीवरून समजून घ्यायचं.

दिवाळीत हे लिहिलं असतं तर 'काँटेसा विका' म्हटलं असतं. नवी गावात लिटरला पंधरा देते, जुनी सात. सीताबर्डीत काँटेसा लावायला जागा शोधता शोधता अर्धा लिटर जातो.

मग मे लागला.

दुपारी दोनला रामदासपेठेत उन्हात तासभर लावलेली गाडी उघडली. बाहेर ४५. एसी पायांवर, पंखा एकवर, कारण सकाळी आईला थंडी वाजत होती. वाढवायचा कुठून? पंखा, दिशा, तापमान, सगळं स्क्रीनमध्ये, आणि स्क्रीन तापून काळी! ओला रुमाल तिच्या कपाळावर ठेवून बसलो, ताप आलेल्या पोराला ठेवतात तसा. अकरा मिनिटांनी डोळे उघडले.

सर्व्हिस सेंटरच्या तीन फेऱ्या झाल्या. दोनदा 'अपडेट टाकलं, सर'. तिसऱ्यांदा पोट्टा म्हणतो, ''उन्हात नका लावत जाऊ ना काका.'' नागपुरात. मे महिन्यात. स्क्रीन बदलायची तर पार्ट पुण्याहून येणार म्हणे.

काँटेसाच्या एसीला कान आहे, म्हणजे फिरवायचं बटण. त्यावरचे आकडे केव्हाच पुसले गेले, पण रस्त्यावरची नजर न हलवता पिरगाळला की खट् वाजतो आणि वारा तोंडावर. एवढंच पाहिजे हो माणसाला.

तिनंही दगा दिला, नाही असं नाही. वर्धा रोडवर पेट्रोलचा वास यायला लागला. मोमिनपुऱ्यातल्या मिस्त्रींनी बॉनेट उघडून रबरी पाइप दाबून दाखवला, बोटाला काळं लागलं. ''वीस टक्के इथेनॉल आलं न पेट्रोलमध्ये, थे जुनं रबर खाऊन राहिलं.'' पाइप मूळचा होता, तीस वर्षांचा. चूक माझीच, आधीच बदलायला हवा होता. नवा टाकायला चाळीस मिनिटं, मजुरीसकट साडेतीनशे रुपये. २००२ला बंद झालेल्या गाडीचं काम दुपारच्या चहाआधी उरकलं.

नवीचा राग जरा उतरलाय, खरं सांगतो. हायवेवर ती शांत पळते, ब्रेक झकास, आणि या पेट्रोलचा तिला त्रास नाही. पाऊस आल्यापासून स्क्रीनही शहाण्यासारखी वागते. रुमाल मात्र डॅशबोर्डच्या खणात आहे.

काँटेसाची नोंदणी यंदा संपते. पंधरा वर्षं झाल्यावर दर पाच वर्षांनी करावी लागते, ही चौथी वेळ. मार्चमध्ये ठरवलं होतं की हा खर्च आता करायचा नाही. काल अर्ज भरला, जुन्या गाड्यांवरच्या ग्रीन टॅक्ससकट.