३२-बिट इन्स्टॉलर, ६४-बिट विंडोज: ड्रायव्हर बसवायचा कोणी?

लेबल प्रिंटर, वजनकाटा, हजेरीचं मशीन यांच्यासोबत येणारी बरीच सॉफ्टवेअर अजून ३२-बिटच आहेत. ६४-बिट विंडोजवर ती चालतात, जोडलेल्या उपकरणांची यादी काढतात, आधी बसलेल्या ड्रायव्हरशी (विंडोज आणि उपकरण यांच्यातला दुवा असलेलं सॉफ्टवेअर) बोलतातही. घोडं अडतं ते ड्रायव्हर बसवताना. हे काम ३२-बिट प्रोसेसने (म्हणजे चालू असलेल्या प्रोग्रॅमने) थेट मागितलं की विंडोज साफ नकार देतं आणि लॉगमध्ये ई००००२३५ हा कोड उमटतो. ॲडमिन म्हणून चालवून बघा, अँटिव्हायरस बंद करून बघा, काही फरक पडत नाही. परवानगीचा हा मामलाच नाही.

पर्यायांकडे वळण्याआधी ड्रायव्हरची आयएनएफ फाइल (ड्रायव्हर कसा बसवायचा याच्या सूचना असलेली मजकूर फाइल) नोटपॅडमध्ये उघडा. मॅन्युफॅक्चरर विभागात ‘एनटीएएमडी६४’ दिसायला हवं (इंटेलच्या प्रोसेसरलाही हेच लागतं). नुसतं ‘एनटीएक्स८६’ असेल तर खालचा कुठलाही उपाय चालणार नाही, कारण ६४-बिट कर्नलमध्ये (विंडोजच्या गाभ्यात) ३२-बिट ड्रायव्हर चढतच नाही. मग उत्पादकाकडे नवा ड्रायव्हर मागा.

सगळ्यात स्वस्त मार्ग म्हणजे प्रोग्रॅम तसाच ठेवून त्यातून विंडोजचं पीएनपीयुटिल (ड्रायव्हर बसवणारं कमांड-लाइन टूल) चालवायचं. गोची अशी की ३२-बिट प्रोग्रॅमने सिस्टम३२ फोल्डर मागितलं की विंडोज त्याला परस्पर सिसवॉव६४मध्ये (३२-बिट प्रोग्रॅमसाठीच्या वेगळ्या फोल्डरमध्ये) पाठवतं, आणि तिथे पीएनपीयुटिल नसतं. ‘फाइल सापडली नाही’ असा एरर येतो. एक्सप्लोररमध्ये बघावं तर फाइल डोळ्यांसमोर! पाथमध्ये सिस्टम३२च्या जागी सिसनेटिव्ह लिहिलं की काम होतं. हे नाव एक्सप्लोररमध्ये शोधत बसू नका, ते फक्त ३२-बिट प्रोसेसलाच दिसतं. पीएनपीयुटिलने छापलेल्या मजकुरावर मात्र विसंबू नका. विंडोजची भाषा बदलली की तोही बदलतो. एक्झिट कोड (काम संपताना टूल परत देतं तो आकडा) तपासा: ० म्हणजे झालं, ३०१० म्हणजे झालं पण रीस्टार्ट हवा. २५९ आला की काही इन्स्टॉलर उगाच ‘अयशस्वी’ दाखवतात. खरं तर उपकरण जोडलेलं नसतं, किंवा त्यावर आधीच जास्त चांगला ड्रायव्हर असतो.

सोर्स कोड तुमच्याकडे असेल तर मी दुसरा मार्ग सुचवेन: मूळ प्रोग्रॅम ३२-बिटच राहू द्या आणि ड्रायव्हरपुरती एक छोटी ६४-बिट ईएक्सई (स्वतंत्र चालणारी प्रोग्रॅम फाइल) बनवा. ती थेट विंडोजच्या ड्रायव्हर फंक्शनना कॉल करते, त्यामुळे नेमका एरर आणि रीस्टार्टची गरज दोन्ही हातात मिळतात. एआरएम (इंटेल-एएमडीपेक्षा वेगळ्या जातीचा प्रोसेसर) असलेल्या लॅपटॉपवर हीच ईएक्सई एआरएम६४साठी वेगळी बिल्ड करावी लागेल आणि ड्रायव्हरही त्याच जातीचा लागेल. तिथे इम्युलेशन (दुसऱ्या जातीच्या प्रोसेसरची नक्कल) प्रोग्रॅमना मिळतं, ड्रायव्हरना नाही.

अख्खा प्रोग्रॅम ६४-बिट करण्याचा मोह फक्त ड्रायव्हरपायी नको. त्यात कुणाची बाहेरची ३२-बिट डीएलएल (प्रोग्रॅम वापरतो ती तयार कोडची फाइल) असेल तर ६४-बिट प्रोसेस ती लोडच करणार नाही, आणि नवी डीएलएल द्यायला ती कंपनी कदाचित उरलेलीही नसेल.

राहिलं जुनं ३२-बिट विंडोज १०. विंडोज ११ची ३२-बिट आवृत्तीच नाही, आणि १०चा सर्वसाधारण सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. उपकरण महागडं असेल आणि त्याचा ६४-बिट ड्रायव्हर कधीच आला नसेल, तरच एखादं मशीन त्यावर ठेवा, तेही नेटवर्कपासून तोडून.