मिलिपुट: दोन किटांचं एक जेट करताना

१:७२ मापाच्या प्लास्टिक मॉडेल किटांमधल्या मिग-२१ च्या धडाला मिराज ३ चे त्रिकोणी पंख लावून काल्पनिक लढाऊ जेट करायचं, तर खरी परीक्षा पंखांच्या मुळाशी होते. दोन्ही धडांची गोलाई वेगळी, त्यामुळे तिथे फट राहतेच. ती भरायला मिलिपुटची सुपरफाइन व्हाइट लांबी फार गुणी आहे.

ही लांबी दोन कांड्यांत येते, त्या एकत्र मळल्या की कडक होते. दोन्ही कांड्यांतून सारखे तुकडे घ्या, हातमोजे घालून कणकेसारखे पाच मिनिटं मळा. रंगाची एकही रेघ दिसता कामा नये. अर्धवट मळलेली लांबी नीट कडक होत नाही. ओल्या बोटाने तिची कड पंखावर अगदी कागदाइतकी पातळ ओढता येते, आणि बरंचसं घासकाम तिथेच वाचतं. ट्यूबमधली लांबी जाड थरात आकसते, ही आकसत नाही. तीन-चार तासांत कडक होते, तरी घासायला दुसऱ्या दिवशीच घ्या: ४००, ६००, मग १००० नंबरचा पॉलिश पेपर, पाणी लावून.

मात्र सांध्याचा भार हिच्यावर टाकू नका. पंख आधी २ मिमी पितळी सळईवर बसवा, सिमेंट (प्लास्टिक जोडायचा गोंद) २४ तास वाळू द्या. नाहीतर विमान हाताळताना केसाएवढी चीर पडते.

कमतरता एकच. पॅनेलची रेघ (विमानाच्या पत्र्यांचे जोड दाखवणारी बारीक खाच) कोरताना लांबीच्या कडा ढलपतात. रेघ जाणार तिथे सुपरग्लू भरा आणि तासाभरात घासा. उशीर केला तर तो प्लास्टिकपेक्षा कडक होतो.