फोर व्ह्यूज : हजार वर्षांच्या राज्यावर चौघांचा समोरासमोर वाद

‘द मीनिंग ऑफ द मिलेनियम : फोर व्ह्यूज’, संपादक रॉबर्ट क्लाउज, इंटरव्हार्सिटी प्रेस, १९७७. मी जुनी प्रत मागवली. टपाल धरून साडेचारशे रुपये पडले. कागद पिवळा पडलाय आणि मधली काही पानं शिवणीतून सुटायला आली आहेत, पण ओळ न् ओळ वाचता येते.

का मागवलं ते आधी सांगते. दोन वर्षांपूर्वी आई प्रभूमध्ये निजली. दफनाच्या आदल्या रात्री घरी प्रार्थना होती आणि बाहेरगावाहून आलेले एक प्रचारक बोलायला उभे राहिले. आधी मंडळी, म्हणजे प्रभूवर विश्वास ठेवणारे सगळे, ढगांत उचलली जाणार, मग सात वर्षांचं महासंकट, मग यरुशलेमेत प्रभूचं हजार वर्षांचं राज्य, असा सगळा क्रम त्यांनी सांगितला. तिथवर ठीक होतं. शेवटी ते म्हणाले की हा क्रम जो मानत नाही त्याचा बायबलवरच विश्वास नाही. आमच्या चर्चचे पाळक (पास्टर) समोरच बसले होते. ते हा क्रम मानत नाहीत. माझा धाकटा भाऊ मानतो. आईची पेटी अजून हॉलमध्ये होती आणि त्या रात्रीपासून आमच्या घरात प्रकटीकरणाचा, बायबलातल्या त्या शेवटच्या पुस्तकाचा, विसावा अध्याय हे दुखणं होऊन बसलं. भाऊ चिंचवडला दुसऱ्या ख्रिस्ती संगतीत उपासनेला जायला लागला. नाताळला घरी आला, जेवला, पण उपासनेला आमच्या बाकावर बसला नाही.

मी नगरची. शाळेत एकतीस वर्षं इंग्रजी शिकवलं, आता शब्बाथ शाळा आणि बुधवारचा बायबल स्टडी बघते. बुधवारी हा विषय निघाला की आवाज चढायचे. ज्याचं जे म्हणणं आहे ते त्याच्याच तोंडून नीट ऐकावं, आणि समोरच्याने त्याला तिथल्या तिथे उत्तर द्यावं, असं काहीतरी मला हवं होतं. हे पुस्तक नेमकं तेच करतं, म्हणून इतकं लिहितेय.

मांडणी सोपी आहे. चौघेजण आपापली बाजू मांडतात आणि प्रत्येक लेखानंतर उरलेले तिघे त्याला उत्तर देतात. फुलर सेमिनरीचे (सेमिनरी म्हणजे धर्मशिक्षणाचं विद्यालय) जॉर्ज एल्डन लॅड म्हणतात, प्रभू आधी येईल, मग पृथ्वीवर हजार वर्षं राज्य करील. ग्रेस सेमिनरीचे हर्मन हॉइट हेच मानतात, पण त्यात इस्राएल आणि मंडळी यांच्यासाठी देवाच्या वेगवेगळ्या योजना धरतात आणि महासंकटाआधी मंडळी उचलली जाईल असं सांगतात. आमच्या घरी त्या रात्री सांगितलेला क्रम तो हाच. लोरेन बोट्नर म्हणतात, सुवार्तेने जग हळूहळू बदलेल, तो सुवर्णकाळ येईल आणि त्याच्या शेवटी प्रभू येईल. कॅल्व्हिन सेमिनरीचे अँथनी होकेमा म्हणतात, ती हजार वर्षं म्हणजे आत्ताचाच काळ. प्रभूच्या पहिल्या येण्यापासून दुसऱ्या येण्यापर्यंतचा.

सगळा वाद ज्यावर उभा आहे तो मजकूर किती थोडा आहे! विसाव्या अध्यायात पंधरा ओव्या, म्हणजे वचनं, त्यातल्या दुसरीपासून सातवीपर्यंत प्रत्येक ओवीत एकदा ‘हजार वर्षे’. बाकी अख्ख्या बायबलात ख्रिस्ताच्या राज्याची मुदत हजार वर्षं अशी दुसरीकडे कुठेही सांगितलेली नाही. लॅड स्वतः हे कबूल करतात. नव्या करारात एकाच जागी स्पष्ट येणारी शिकवण मी मानतो, कारण ती तिथे आहे, असं त्यांचं म्हणणं. मला हा प्रामाणिकपणा फार आवडला. आपली बाजू जिथे अरुंद आहे ती जागा माणूस आपणहून बोट ठेवून दाखवतो, तेव्हा त्याचं पुढचं ऐकावंसं वाटतं.

आणि पुढचं ऐकण्यासारखं आहेच. चौथ्या ओवीत प्रकटीकरण लिहिणारा योहान शिरच्छेद झालेल्यांचे आत्मे पाहतो आणि त्यांच्याबद्दल ग्रीकमध्ये एक क्रियापद येतं, एझेसान. पाचव्या ओवीत बाकीच्या मृतांबद्दल तेच क्रियापद, नकारासह. लॅड म्हणतात, दोन ओव्या शेजारी-शेजारी, शब्द तोच. पाचव्या ओवीत त्याचा अर्थ कबरेतून उठणं असा बहुतेकजण घेतात, मग चौथ्या ओवीत तो केवळ आत्मिक जीवन कसा होईल? होकेमा दुसऱ्या बाजूने येतात. हा शब्द ‘जगले’ असाही होतो. योहानाने शरीरं पाहिली नाहीत, आत्मे पाहिले. म्हणजे जे प्रभूमध्ये मेले ते आत्ता, या घडीला, त्याच्याबरोबर जगत आहेत आणि राज्य करत आहेत. पाचव्या ओवीतले बाकीचे तसे जगत नाहीत, एवढाच त्यांच्या मते त्या नकाराचा अर्थ.

इथे मी आईचं मराठी बायबल उघडून शेजारी ठेवलं. आपल्या बायबलात दोन्ही ठिकाणी ‘जिवंत झाले’ आहे. एका रात्रीत तीनदा वाचलं. ‘जिवंत झाले’ म्हटलं की आधी मेलेले होते आणि मग उठले, हे मराठीत आपोआप येतंच. ‘जगले’ म्हटलं असतं तर नसतं आलं. म्हणजे आम्ही बुधवारी जो वाद घालत होतो त्यातला अर्धा निवाडा आमच्या भाषांतराने आधीच करून ठेवला होता, आणि आमच्यापैकी कुणालाच त्याचा पत्ता नव्हता. अनुवाद चुकीचा आहे असं मी म्हणत नाही. लॅड बरोबर असतील तर तोच शब्द योग्य. पण पुढच्या बुधवारी मी फळ्यावर ‘जगले’ आणि ‘जिवंत झाले’ असे दोन शब्द शेजारी-शेजारी लिहिले आणि पहिल्यांदाच कुणाचा आवाज चढला नाही. लोक वाचायला लागले. पुस्तकाचे साडेचारशे रुपये माझ्या लेखी तिथेच वसूल झाले.

होकेमांच्या लेखातला दुसरा मोठा मुद्दा सैतानाला बांधण्याचा. प्रकटीकरणाचे सात भाग एकापाठोपाठ एक घडत नाहीत, प्रत्येक भाग पहिल्या येण्यापासून शेवटापर्यंतचा तोच काळ पुन्हा दाखवतो, असं ते मानतात. म्हणून विसावा अध्याय पुन्हा सुरुवातीला जातो. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या बाराव्या अध्यायात बलवान माणसाला आधी बांधल्याशिवाय त्याचं घर लुटता येत नाही असं प्रभू म्हणतो, ते बांधणं हेच. सैतान बांधला गेला तो राष्ट्रांना ठकवण्यापुरता, म्हणून तर सुवार्ता सगळ्या राष्ट्रांत पोचली. आमच्याकडे एका आजोबांनी लगेच विचारलं, मग प्रेषित पेत्र आपल्या पत्रात सैतानाला गर्जणारा सिंह का म्हणतो? प्रश्न रास्त आहे, आणि होकेमांच्या उत्तराने माझं पूर्ण समाधान झालेलं नाही. लॅडही इथे पकडतात : अठराव्या अध्यायात बाबेल पडते, एकोणिसाव्यात श्वापद आणि खोटा संदेष्टा अग्नीत टाकले जातात, मग विसाव्यात सैतानाची पाळी येते. कथा सरळ पुढे चाललीय, मध्येच मागे कशी वळेल? विशेष म्हणजे हेच लॅड होकेमांना उत्तर देताना सुरुवातीलाच सांगतात की विसाव्या अध्यायाचा अर्थ सोडला तर तुमचं जवळजवळ सगळं मला मान्य आहे. हे वाक्य मी बुधवारी मोठ्याने वाचून दाखवलं.

हॉइट यांच्याबद्दल मला जपून लिहायचंय, कारण माझा भाऊ त्यांच्या बाजूचा आहे आणि तो काही अडाणी नाही. हॉइट यांचं सूत्र असं की शास्त्रवचन त्याच्या साध्या, शब्दशः अर्थानेच घ्यावं. दाविदाचं राजासन म्हणजे दाविदाचंच राजासन, सियोन म्हणजे सियोन. जुन्या करारातल्या यशयाच्या अकराव्या अध्यायातला लांडगा खरंच कोकराजवळ राहील. आईला हे चित्र अतिशय प्रिय होतं. ती पाथर्डीकडच्या दुष्काळी गावात वाढली, बारव आटलेली पाहत मोठी झाली, आणि प्रभू येईल तेव्हा ही माती हिरवी होईल असं ती अगदी शब्दशः मानायची. हॉइट वाचताना मला पहिल्यांदा कळलं की भावाने तिच्याकडून काय घेतलंय. प्रभूचं राज्य फक्त मनात नाही, मातीवर आहे, ही ओढ खोटी नाही.

पण हॉइट आपल्या मताला सरसकट ‘बायबलचं मत’ म्हणतात, आणि लॅड त्यांना उत्तर देताना याच गोष्टीला हरकत घेतात. आमच्या हॉलमध्ये त्या रात्री जे झालं ते अगदी हेच होतं. लॅड यांचा दाखला नेमका आहे. जुन्या करारातल्या होशेयाच्या अकराव्या अध्यायात देव आपल्या पुत्राला मिसरातून बोलावल्याचं म्हणतो. तिथे पुत्र म्हणजे इस्राएल, आणि बोलणं मागे घडून गेलेल्या गोष्टीचं. मत्तय तेच वचन बाळ येशूला लावतो. नवा करारच जुन्या कराराला शब्दाच्या पलीकडे नेतो, मग आपण शब्दाशीच थांबायचं कसं? यावर हॉइट यांच्याकडून मला पटेल असं उत्तर पुस्तकात मिळालं नाही. शिवाय मंडळी आधी गुप्तपणे उचलली जाणार ही शिकवण आजच्या रूपात पसरली ती एकोणिसाव्या शतकात, जॉन नेल्सन डार्बी आणि त्यांच्या ब्रदरन मंडळींकडून, आणि पुढे १९०९च्या स्कोफील्ड बायबलातल्या टिपांमधून. हजार वर्षांच्या राज्याची आशा मात्र फार जुनी. जस्टिन मार्टर, इरेनियस या अगदी सुरुवातीच्या ख्रिस्ती लेखकांपासूनची. पुढे ऑगस्टीनने ती हजार वर्षं मंडळीच्या काळाला लावली आणि पश्चिमेत बराच काळ तेच चाललं. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे आमच्यातल्या पुष्कळांना ठाऊकच नव्हतं. मलाही नव्हतं.

बोट्नर यांचा लेख सगळ्यांत कच्चा. जग सुधारत चाललंय याचे पुरावे ते देतात आणि शास्त्रवचनं थोडी. लॅड यांचं उत्तर अवघ्या काही ओळींचं आहे : शास्त्राचा आधार इतका कमी घेतलाय की टीका करायला माझ्याकडे फारसं काही नाही. दोन महायुद्धांनंतर हा विचार मांडणं अवघड होतं हे खरं. तरी नगरच्या माणसाने ही बाजू घाईत ओलांडू नये. १८१३ला मुंबईत उतरलेले मिशनरी गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट अमेरिकेतल्या ज्या न्यू इंग्लंडच्या मंडळ्यांतून आले, तिथे हीच आशा पेरलेली होती. सॅम्युएल हॉपकिन्स यांनी १७९३ साली या हजार वर्षांवर स्वतंत्र ग्रंथच लिहिला होता. त्याच अमेरिकन मिशनचं काम १८३१ला नगरला सुरू झालं. मिस सिंथिया फॅरार यांनी इथे मुलींच्या शाळा चालवल्या, आणि सावित्रीबाई फुल्यांनी शिक्षिकेचं प्रशिक्षण त्यांच्याकडे घेतलं. जग सुधारेल असं कुणालाच वाटलं नसतं तर या मातीत ती शाळा कुणी काढली असती? हा प्रश्न बोट्नर यांच्या लेखात असायला हवा होता. तो नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

उणिवा आणखीही आहेत. चौघेही अमेरिकन प्रोटेस्टंट. कॅथलिक किंवा ऑर्थोडॉक्स मंडळींचा आवाज नाही, आणि जिथे ख्रिस्ती माणसं मूठभर आहेत अशा देशातून कुणी नाही. प्रकटीकरण छळ सोसणाऱ्या मंडळ्यांना लिहिलेलं पत्र आहे, हे वाद घालताना चौघांनाही मधूनमधून विसरायला होतं. उत्तरांची लांबी फार कमी-जास्त आहे. पुस्तक १९७७चं असल्याने हॉइट यांच्या परंपरेतल्या पुढच्या पिढीने केलेले बदल यात येणार नाहीत. इंग्रजी फार कठीण नाही, पण दहावीनंतर इंग्रजी सुटलेल्याला एकट्याने झेपणार नाही. मराठीत असं समोरासमोरचं पुस्तक माझ्या हाती आलेलं नाही. कुणी करायला घेतलं तर प्रुफं तपासायला मी आनंदाने बसेन.

घेणाऱ्याला एकच सांगते : छापलेल्या क्रमाने वाचू नका. आधी प्रकटीकरणाचे एकोणीस आणि वीस हे दोन अध्याय मराठीत सलग वाचा. मग लॅड, लगेच होकेमा, आणि त्या दोघांची एकमेकांना उत्तरं. हॉइट त्यानंतर. लॅड यांनी त्यांना दिलेलं उत्तर त्याच बैठकीत वाचा, मध्ये दिवस जाऊ देऊ नका.

माझं मत विचाराल तर त्या क्रियापदापाशी मला लॅड बरोबर वाटतात. दोन ओव्यांत एकाच शब्दाचे दोन अर्थ माझ्यातल्या भाषेच्या बाईंना पटत नाहीत. पण रात्री आईची आठवण येते तेव्हा मी होकेमांचं पान उघडते, कारण ती आत्ता कुठे आहे हे इतक्या शांतपणे बाकी तिघांपैकी कुणी सांगितलेलं नाही. गंमत अशी की त्यासाठी मला लॅड यांना सोडावं लागत नाही. निजलेले प्रभूजवळ आहेत हे तेही मानतात.

ईस्टरला भाऊ आला तेव्हा पुस्तक टेबलावर होतं. त्याने हॉइट यांचं नाव पाहिलं, उभ्याउभ्याच चार पानं वाचली आणि घेऊन जाऊ का विचारलं. मी सुटलेली पानं रबराने बांधून दिली. मागच्या आठवड्यात त्याचा फोन आला, जेवणाच्या वेळेला. “ताई, होशेयाचं ते लॅडनी काय म्हटलंय, ते तुला पटलं का गं? मला नाही पटलं. मी रविवारी येतो, बायबल काढून ठेव.”